तार, दांडी आणि खारं वारं

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गिटार आली ती बोटीनं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असे थांबे घेत मालवण आणि वेंगुर्ला करून पणजीला जायची. धक्क्याला लागण्याइतकं पाणी नाही म्हणून बोट बाहेर उभी राहायची आणि पडावांतून माणसं, ट्रंका, गाठोडी किनाऱ्याला यायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही बोटींची नावं आमच्याकडच्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याला तोंडपाठ असतात. त्याच पडावांतून चादरीत गुंडाळलेल्या गिटारीही उतरल्या. आणणारे बहुतेक ख्रिस्ती घरांतले चाकरमानी. कोणी जहाजावर भांडारी, कोणी मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा, कोणी नुसताच हौशी.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून सोळाव्या शतकापासून सूरलिपी आणि पुढं व्हायोलिन शिकवत. तिथून वर सरकून सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला, मालवण इथे वसलेल्या कुटुंबांनी ती सवय बरोबर आणली. पण व्हायोलिन हे एकट्याचं वाद्य. चारचौघांनी मिळून गायचं तर गिटार बरी, म्हणून ती घरात शिरली. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मात्र तिला फार दिवस जागा नव्हती. व्हॅटिकनची दुसरी परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा जो दस्तऐवज निघाला, त्यानं लॅटिनबरोबर लोकांच्या भाषेला वाट दिली. मग आमच्याकडे मराठी आणि कोकणी गायन आलं, आणि त्यांच्यामागून ऑर्गनच्या शेजारी गिटार येऊन बसली. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत 2005 साली झाला, तोवर गावोगावच्या कॉयरमध्ये एकतरी गिटार होतीच.

माझे वडील मेस्त. कुडाळात आमचं दुकान. दशावतारी कंपन्यांच्या पायपेट्या आणि भजनी मंडळांच्या हातपेट्या हे आमचं मुख्य काम. भाता फाटला, सूर चिकटला, उंदरानं चामडं खाल्लं. गिटार पेटीवाल्याकडे यायचं कारण एवढंच की दुसरीकडे न्यायला जागा नव्हती. मृग लागला आणि दोन-तीन आठवडे झडीचे गेले की एखादा कॉयरमास्तर छत्री आणि गिटार सांभाळत पायरीवर उभा राहायचा. “मेस्तांनू, गिटारीची मान वाकली हा. बोटां दुकतत, तार दाबाक जाय ना. बगा मगे.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. आज दुकान मी चालवतो, आणि वाक्य तेच आहे.

गिटारीवर लिहिणारे सहसा वाजवणाऱ्यांबद्दल लिहितात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशा गोवेकरांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला, ते लिहायलाच हवं. मला मात्र हा इतिहास लाकूड आणि तार यांच्या बाजूनं सांगायचा आहे. कारण आमच्या किनाऱ्यावर गिटारीचं जे काही बिघडतं त्यामागे शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे झालेला एक बदल आहे, आणि त्यावरचं औषध मात्र घाट चढून पलीकडे मिरजेत केव्हाचं तयार होतं.

जुन्या युरोपी गिटारीला आतड्याच्या तारा असत. मेंढीचं आतडं पिळून, वाळवून केलेली तार मऊ, तिचा ताण कमी, म्हणून मानही हलकी चाले. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या वाद्यं करणाऱ्या गावचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन 1833 साली अमेरिकेला गेला, त्यानं केलेल्या गिटारी आतड्याच्याच तारांच्या. पुढं 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाई बेटांवरचे वादक आले. मांडीवर आडवी गिटार, वर लोखंडाची कांडी, आणि पोलादी तारा. ऐकणारे वेडे झाले. प्रत्येकाला तो खणखणीत, लांब टिकणारा आवाज हवा झाला. 1922च्या सुमाराला मार्टिनच्या कारखान्यानंही पोलादी तारेसाठी गिटारी बांधायला सुरुवात केली.

इथून मानेचं दुखणं सुरू होतं. आतड्याची जागा घेतलेल्या नायलॉनच्या तारांची गिटार आज सुमारे 40 किलोच्या ओढीखाली असते. पोलादी तारांचा 12 ते 53चा साधा संच लावला तर ती ओढ 70 किलोच्या वर जाते, 13 ते 56चा लावला तर 80च्या पुढं. संचाचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे, सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचे. म्हणजे दिवसरात्र, वाजवा की भिंतीला टांगा, एका मोठ्या माणसाचं वजन त्या दोन फुटी लाकडाच्या टोकाला लोंबकळत असतं. लाकूड सोसतं, पण वाकतं. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू या कारागिरानं 1921 साली त्यावर उपाय शोधला आणि 1923 मध्ये त्याला पेटंट मिळालं. मानेच्या पोटात लोखंडी सळई घालायची, तिच्या टोकाला नट ठेवायचा. नट आवळला की सळई मान उलट्या बाजूला ओढते आणि तारांच्या ओढीशी बरोबरी करते. हीच ट्रस रॉड. मार्टिननं मात्र कितीतरी वर्षं मानेत न हलणारं लोखंडच घातलं. आवळता येणारी सळई त्यांनी 1985 साली घेतली.

आमच्याकडे बोटीनं आलेल्या गिटारी बहुतेक कलकत्त्याच्या. हवाईयन गिटारीचं वेड बंगालमध्ये जबरदस्त होतं. हवाईचा ताऊ मो कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत असे, आणि तिथल्या कारागिरांनी गिटारीचा मोठा धंदा उभा केला. सामान्य माणसाला परवडेल अशी गिटार या देशाला कलकत्त्यानं दिली, हे उपकार मी मानतो. त्या काळच्या स्वस्त गिटारींत सळई असली तरी कित्येकदा चालायची नाही, नाहीतर नसायचीच. मागे पत्र्याची टेलपीस, मधे स्क्रूवर खालीवर होणारी घोडी. वडिलांनी या गिटारींच्या माना सरळ करायची आपली रीत बसवली होती. तारा उतरवायच्या, मानेला जाड शिसवी पट्टी लावून शिकंजे आवळायचे, शंभरचा बल्ब जवळ ठेवून लाकूड हळूहळू तापवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सरस मऊ होतो, लाकडाचे थर सरकतात आणि निवताना नव्या जागी धरतात. त्यानंही भागलं नाही तर फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून किंचित जाड बुडाचे फ्रेट ठोकायचे. ते पाचरीसारखे घट्ट बसले की फिंगरबोर्ड ताठ होतो आणि मान मागे येते. ही युक्ती मॅकह्यूच्या सळईइतकीच हुशारीची आहे असं माझं ठाम मत आहे.

पण वडिलांना खरी गोष्ट उमजली ती मिरजेत. सावंतवाडीकडच्या एका बुवांचा तंबोरा पावसात उकलला होता, भोपळा आणि दांडीचा सांधा सुटलेला. तो घेऊन ते मिरजेच्या सितारमेकर गल्लीत गेले, मला बरोबर नेलं. मिरजेतली ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. मूळचे हे शिकलगार, तलवारी-भाले पाजळणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी आपला हात वाद्यांकडे वळवला. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. पंढरपूरकडे भीमेच्या काठाला पिकणारे कडू भोपळे येत, दांडीला तून लाकूड येई. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, आणि तंबोऱ्याच्या सुराविषयी इतका काटेकोर माणूस दाराशी असल्यावर कारागिरांचे कान कुठल्या कुठे गेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा मिळालं, पण मिळालं.

त्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं तंबोरा उचलला, दांडीवरून डोळा लावून पाहिलं, आणि तारांना हात लावायच्या आधी विचारलं, “गाणार कोण? बुवा की बाई? सूर कुठला, काळी एक की काळी चार?” वडिलांनी सांगितलं, बुवा, काळी एक. मग विचारलं, “गाव कुठलं? समुद्र किती लांब?” तेव्हा कुठं त्यानं फळीवरून तारांची भेंडोळी काढली. त्यात रोझलाऊची जर्मन तार होती. हे रोझलाऊ गाव बव्हेरियात, मार्टिन जिथून निघाला त्या मार्कनॉयकिर्शेनपासून फार लांब नाही. म्हणजे अमेरिकेतली गिटार आणि मिरजेची सतार यांची नाळ जर्मनीच्या एकाच टापूत जाऊन मिळते. हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा फार आनंद झाला.

मिरजेत तारेला नंबर असतो. 3 नंबरची तार म्हणजे इंचाचे 12 हजारांश, मिलिमीटरमध्ये 0.30. सतारीची बाजाची तार साधारण हीच. गिटारवाले ज्याला ‘बारा’चा संच म्हणतात त्यातली पहिली तार आणि ही तार एकाच जाडीची. 1 नंबर म्हणजे 10 हजारांश, 0.25 मिलिमीटर. फरक केसाएवढा वाटतो. पण लांबी तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गानं वाढतो. 10च्या जागी 12 लावली की त्या तारेची ओढ 1.44 पट झाली. मिरजेच्या कारागिराला हे गणित कागदावर मांडायची गरज नव्हती. सूर, गाणारा, दांडीची जाडी आणि गावची हवा विचारून तो तार ठरवत होता, आणि ती ठरवल्यावरच जवारीला कानस लावत होता. तार बदलली की जवारी नव्यानं काढायची, हा तिथला नियम. घोडीच्या माथ्यावरचा तो अगदी सपाट वाटणारा उतार, त्यावर तार किती लांब घासते, खाली सूत कुठं सरकवायचं, हे सगळं तारेच्या जाडीशी बांधलेलं.

परतीच्या एसटीत आंबोलीचा घाट उतरताना वडील म्हणाले, “आपण गिटारीची मान सरळ करतो आणि परत तीच जाड तार लावून पाठवतो. मग ती पुढच्या पावसात परत येणारच.” त्यानंतर आमच्या दुकानात गिटारीचं काम तारेपासून सुरू होतं.

आता हवेबद्दल. परदेशातल्या चांगल्या कारखान्यांत हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान धरून ठेवतात, आणि त्या हवेत गिटार जुळवतात. आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टात आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. लाकूड पाणी पितं ते आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. गिटारीची पुढची फळी पातळ असते, ती फुगली की पोट वर येतं, पोटाबरोबर ब्रिज वर, ब्रिजबरोबर तारा वर. कॉयरमास्तर म्हणतात मान वाकली. दहापैकी निम्म्या वेळा मान जागेवर असते, पोट वर आलेलं असतं. हे न पाहता सळई आवळणारे पुष्कळ आहेत, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं. पावसात आवळलेली मान दिवाळीनंतर हवा सुकली, पोट खाली बसलं की पाठीकडे वाकलेली निघते आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारा खरखरतात. मग तोच माणूस सळई सैल करतो. असं तीन-चार वर्षं केलं की नटाचे आटे जातात.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. गिटार आली की पहिल्यांदा ती जशी वाजते त्या सुरात लावायची, कारण तारा ढिल्या ठेवून मान तपासण्यात अर्थ नाही. मग सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हातानं दाबायची, आणि मान गिटारीच्या धडाला जिथं मिळते तिथल्या, म्हणजे चौदाव्या फ्रेटवर उजव्या कोपरानं किंवा शिकंज्यानं. दाबलेली तार ही आता सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तिच्या खाली किती फट आहे ते पाहायचं. मी त्यासाठी 1 नंबरच्या तारेचा तुकडा वापरतो. तो 0.25 मिलिमीटरचा, नेमका हवा तेवढा. तो तुकडा फटीत सरकला पण वरची तार हलली नाही तर मान बरोबर आहे, तिला हात लावायचा नाही. तार न हलवता आजूबाजूला खेळायला लागला तर मान पुढं वाकली आहे. शिरतच नसेल तर मागं. एवढ्या बारीक तारेनं एवढ्या मोठ्या लाकडाची परीक्षा होते. ग्राहकाला मी हे समोर बसवून दाखवतो, त्यानं गिटार पुढं स्वतः सांभाळावी म्हणून.

मान खरंच पुढं वाकली असेल तर तारा थोड्या उतरवून नट पाव वळसा आवळायचा, घड्याळाच्या दिशेनं. परत सूर लावायचा, परत तपासायचं, आणि रात्रभर ठेवायचं. लाकूड आपल्या वेळेनं हलतं. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजायची. जाड तारेला अडीच मिलिमीटरपर्यंत, बारीकला दोनच्या आत. जास्त असली तर ब्रिजमधलं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती हाडाची पट्टी, खालून घासायचं, तेही पावसात नाही. पावसातली उंची पाहून सॅडल घासलं तर जानेवारीत तारा फ्रेटला चिकटतात, आणि घासलेलं हाड परत येत नाही. पावसाळ्यासाठी एक आणि थंडीसाठी एक अशी सॅडलची जोडी करायची सूचना मी कॉयरवाल्यांना देतो: उंच सॅडल थंडीला, बुटकं पावसाला. दोन्ही सॅडल गिटारीच्या पिशवीतच ठेवायची.

आणि तारा. माझं म्हणणं स्पष्ट आहे. आमच्या किनाऱ्यावर, जुन्या किंवा स्वस्त गिटारीला 10 ते 47च्या वर जाऊ नये. ओढ 60 किलोच्या आतबाहेर राहते, मान आणि पोट दोन्ही वाचतात. जाड तारेचा आवाज भरदार असतो हे मला मान्य आहे. मोठ्या हॉलमध्ये, कसलेल्या हाताखाली, चांगल्या बांधणीच्या गिटारीवर 12चा संच ऐकावा. पण चर्चमधल्या पोरासोरांच्या बोटांना आणि तीस वर्षांच्या प्लायवूडला तो भार कशासाठी? शिवाय खारं वारं. चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाजवणाऱ्याच्या तारा महिन्याभरात काळ्या पडतात. मिठाचा अंश आणि घाम यांनी पोलाद खाल्लं जातं, जाडी जागोजागी बदलते, आणि अशी तार वरच्या फ्रेटवर सुरात बोलत नाही. महागडी जाड तार वर्षभर चालवण्यापेक्षा हलकी तार वरचेवर बदलावी. वाजवून झालं की सुक्या कापडानं प्रत्येक तार चिमटीत धरून पुसावी, आणि मे महिन्यात गिटार बंद गाडीत कधीही ठेवू नये. डिंक मऊ होऊन ब्रिज सुटतो, मग कुठलीच तार उपयोगाची नाही.

फिंगरबोर्डबद्दल एक सांगायचं राहिलं. परदेशी गिटारीवर जे गडद लाकूड दिसतं, ते पुष्कळदा आपल्याच सह्याद्रीतलं किंवा त्याच्या दक्षिणेकडचं शिसव असतं. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यावर 1969 मध्ये मार्टिननं भारतीय शिसव घेतलं, आणि पुढं जगभर तेच झालं. 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली. आमच्या दुकानात जुन्या घरांच्या मोडक्या शिसवी पलंगांचे तुकडे जपून ठेवलेले आहेत. फिंगरबोर्ड झिजला तर त्यातूनच पट्टी निघते. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही.

कॉयरपुढं शेवटची अडचण साथीच्या पेटीची असते. हलक्या तारा लावूनही ज्या गिटारीची मान थकलेली असते, तिला मी अर्धा सूर खाली लावायला सांगतो. ओढ आणखी सुमारे 11 टक्क्यांनी उतरते, आणि म्हाताऱ्या गिटारीला तेवढं पुरतं. पण पेटी खाली येत नाही, ती जिथल्या तिथं. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, म्हणजे कॅपो. सूर पेटीला मिळतो, तार सैल राहते, आणि वाजवणाऱ्याला हाताच्या ठेवणीत काही बदल करावा लागत नाही. नाताळाच्या तालमी नोव्हेंबरात सुरू होतात. त्याआधी, दसरा झाला की, सॅडल बदलायला आणि तो 1 नंबरच्या तारेचा तुकडा घालून पाहायला गिटारी दुकानात आणाव्यात, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, आणि हल्ली बरेच जण आणतातही.